डाळ पेरून तूर उगवत नाही

तुमच्या फोनमध्ये डाऊनलोड करून ठेवलेलं एखादं जुनं गाणं काढा. प्ले करू नका, फक्त फाईलची साईज बघा. चार मिनिटांचं गाणं असेल तर ती बहुतेक चारेक एमबी भरेल. आता जरा हिशेब करू. तेच गाणं सीडीवर असतं, तेव्हा साधारण ४२ एमबी जागा घेतं. म्हणजे तुमच्यापर्यंत येईस्तोवर मधले ३८ एमबी गायब! गाणं तर पूर्ण वाजतं. एक कडवं कमी नाही, एक शब्द गाळलेला नाही. मग नेमकं गेलं काय? आणि कुणी ठरवलं, की ते गेलं तरी तुम्हाला चालेल?

या प्रश्नाच्या मागे मी लागले ती एका कॅसेटमुळे. आमचं आजोळ केनवडचं. रिसोड तालुका, जिल्हा वाशीम. तिथं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मामांच्या कॅसेट आहेत. भजनं, गझला, हिंदी सिनेमे, आणि त्यातच एक इंग्लिश कॅसेट : ‘रॉक अँड रोल रेनिगेड’. बँडचं नाव रॉक मशीन. साल १९८८. तेव्हा वाशीम जिल्हासुद्धा नव्हता, तो झाला १९९८ साली. केनवड तेव्हा अकोला जिल्ह्यात. मामा त्या काळात मुंबईला शिकायला होते आणि सुट्टीत येताना कपड्यांच्या पिशवीतून ही कॅसेट घेऊन आले होते.

‘कुठला परदेशी बँड हा?’ असं मी विचारलं, तर मामा हसले. ‘परदेशी कायचा? आपल्या मुंबईची पोरं होती ती.’

मुंबईची पोरं

दोस्तहो, हा बँड आपल्यापैकी बहुतेकांना माहीतच नाही. म्हणून थोडक्यात सांगते.

रॉक मशीन सुरू झाला १९८४ साली, मुंबईत. वेगवेगळ्या वर्षांत त्यात असलेली नावं बघा : गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेस गिटारवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. मुंबई कशी असते हे सांगायला ही यादी पुरेशी आहे. त्या काळी कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये वाजणारे बहुतेक रॉक बँड परदेशी गाणीच वाजवायचे. पब्लिकलाही तेच हवं असायचं. जो बँड मूळ रेकॉर्डच्या जितका जवळ जाईल, तितका तो भारी. रॉक मशीननं मात्र ठरवलं की आपली गाणी आपणच लिहायची. त्याचं फळ म्हणजे १९८८चा हा पहिला अल्बम, सीबीएस कंपनीनं काढलेला. इंग्लिशमध्ये स्वतःची गाणी घेऊन आलेल्या भारतीय रॉक बँडच्या सुरुवातीच्या अल्बममध्ये त्याचं नाव घेतलं जातं.

संगीताची जात म्हणाल तर मेलडिक हार्ड रॉक. म्हणजे गिटारचा दणका पूर्ण, पण वर चाल अशी की दुसऱ्यांदा ऐकताना कोरस तुमच्या तोंडात बसलेला असतो. अमेरिकेतल्या बॉस्टन बँडचा १९७६चा पहिला अल्बम या जातीचा मोठा नमुना. टॉम शोल्झ नावाच्या इंजिनिअरनं त्याचा बराचसा भाग घराच्या तळघरात रेकॉर्ड केला होता. पुढे बॉन जोवी, डेफ लेपर्ड यांनी १९८६-८७च्या सुमाराला हाच आवाज जगभर पोचवला. आणि त्याच वर्षांत मुंबईतली ही पोरं तोच आवाज स्वतःच्या गाण्यांसाठी वापरत होती.

त्यांचं पंढरपूर म्हणजे रंगभवन. मुंबईत धोबीतलावला, सेंट झेविअर्स कॉलेजच्या शेजारचं खुलं नाट्यगृह. १९७८ साली तिथं जॅझ यात्रा भरली, १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात येत असल्यानं तिथला आवाज बंद झाला तो झालाच. बँडनं दुसरा अल्बम १९९० साली काढला, १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, १९९५ साली त्या नावाचा अल्बम आणला आणि दोनेक वर्षांत थांबला. २०१० मध्ये पुन्हा एकत्र येऊन २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम काढला. मधली वर्षं मोजा : १७. तेवढ्यात एक अख्खी पिढी एमपीथ्रीवर वाढली.

एमपीथ्री काय फेकतो?

मी आधी हा अल्बम कुठून तरी कॉपी होत होत माझ्याकडे आलेल्या फाईलींवर ऐकला होता. खरं सांगायचं तर फार काही वाटलं नाही. सगळं एकमेकांत कालवल्यासारखं. ड्रमरच्या झांजा म्हणजे जणू तव्यावर पाणी पडतंय. ‘जुनं रेकॉर्डिंग, असंच असणार’ म्हणून सोडून दिलं. कॅसेट ऐकली आणि कळलं, की दोष सगळाच जुन्या रेकॉर्डिंगचा नव्हता.

गोष्ट अशी आहे. सीडीवर आवाजाची मोजणी एका सेकंदात ४४,१०० वेळा होते, आणि प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी मिळते. डावा-उजवा मिळून सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट. १९८०च्या दशकात एवढा डेटा टेलिफोनच्या तारेतून पाठवणं अशक्य होतं. तेव्हा जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी एक युक्ती शोधत होते : माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही, ते ठेवायचंच कशाला?

ही युक्ती चांगली होती, कारण कान खरंच असं वागतात. केनवडच्या बाजारात दोन माणसं कुजबुजत असतील आणि शेजारून लाऊडस्पीकरची रिक्षा गेली, तर त्या क्षणी कुजबुज तुम्हाला ऐकू येत नाही. ती असते, पण झाकली जाते. एमपीथ्री हेच हेरतो. मोठ्या आवाजाखाली झाकलेला बारीक आवाज काढून टाकतो, किंवा अगदी ढोबळ करून ठेवतो. हे बरोबर जमतंय की नाही, हे तपासायला ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं वापरलं. त्यात साथीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. तोच नीट वाजवणं सगळ्यात अवघड गेलं. १९९५ साली या फाईलींना ‘एमपीथ्री’ हे आडनाव मिळालं आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

अडचण कुठं येते? जेव्हा फार जास्त दाबलं जातं तेव्हा. १२८ केबीपीएसच्या फाईलमध्ये मूळच्या जेमतेम ९ टक्के डेटा उरतो. त्यात एकटा गळा आणि तंबोरा निभावून नेतील. हार्ड रॉकचं तसं नाही. दोन गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड आणि कोरस हे सगळं एकाच वेळी, मोठ्यानं. झांजेचा आवाज तर जवळजवळ खरखरीसारखाच असतो, त्यात ठराविक सूर नसतो, आणि असा आवाज दाबणं सगळ्यात कठीण. मग फाईल आधी झांजा बिघडवते, मग गिटारच्या कडा. ‘जुन्या रेकॉर्डिंगचा दोष’ म्हणून मी जो सोडून दिला होता, त्यातला बराचसा हा.

तूर, डाळ आणि फ्लॅक

आता लॉसलेस म्हणजे काय? आपल्या भागातल्या कुणालाही हे एका वाक्यात कळेल. एमपीथ्री म्हणजे तुरीची डाळ. टरफल काढलं, दाणा फोडला, कमी जागेत मावते, शिजतेही लवकर. रोजच्या वरणाला उत्तम. पण डाळ पेरून तूर उगवत नाही. जे गिरणीत गेलं ते गेलं. लॉसलेस म्हणजे अख्खी तूर, फक्त पोत्यात नीट दाबून भरलेली. पोतं सोडलं की दाणा न दाणा जसाच्या तसा.

यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार फ्लॅक. जॉश कोल्सन यांनी तो २००१ साली मोफत खुला केला. काम साधारण झिप फाईलसारखंच. आवाजात जी पुनरावृत्ती असते, पुढचा आकडा काय येईल याचा जो अंदाज बांधता येतो, तो वापरून जागा वाचवायची. चार मिनिटांचं ४२ एमबीचं गाणं फ्लॅकमध्ये साधारण २५ ते ३० एमबी होतं. उघडलं की एकही आकडा इकडचा तिकडे नाही. अ‍ॅपलचा अ‍ॅलॅक हाही त्याच जातीचा. अ‍ॅपल म्युझिकनं २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस सुरू केलं, तेव्हापासून हा शब्द आपल्या कॅन्टीनपर्यंत आला.

आणि इथंच एक फसवणूक होते, ती लक्षात ठेवा. एमपीथ्री घेऊन तिची फ्लॅक करता येते. बटण दाबलं की ४ एमबीची फाईल फुगते. नावापुढे ‘हाय क्वालिटी’, ‘लॉसलेस’ असं लिहून ती फिरते. हे म्हणजे डाळीच्या दोन फाका चिकटवून ‘बियाणं’ म्हणून विकणं. ओळखायचं कसं? स्पेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते आवाजाचं चित्र काढून दाखवतं. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीचं चित्र बहुतेक वेळा १६ किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीनं कापल्यासारखं थांबतं. सीडीवरून नीट काढलेल्या फाईलमध्ये ते वर २२ पर्यंत जाऊ शकतं. जुन्या टेपचं चित्र आधीच हळूहळू विरत जातं, पण विरणं वेगळं आणि कात्री वेगळी.

बेल्ट, स्पिरिट आणि ४५ मिनिटं

कॅसेटला हात लावायच्या आधी तिचीही पत्रिका बघायला हवी. फिलिप्सनं १९६३ साली आणलेली ही वस्तू मुळात संगीतासाठी नव्हतीच, बोलणं टिपून घ्यायला होती. फीत ४ मिलिमीटरपेक्षाही अरुंद. वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. त्यात सूं-सूं आवाज असतो, मोटर थोडी मागेपुढे झाली तर सूर डोलतो, आणि वरच्या पट्टीतले बारीक आवाज वर्षानुवर्षांत फिके होतात. म्हणजे कॅसेटवरून लॉसलेस फाईल केली, तर स्टुडिओतली मूळ टेप आपल्याला मिळत नाही. मिळते ती एवढीच हमी : जे गेलंय ते गेलं, इथून पुढे काही जाणार नाही. माझ्या मते लॉसलेस या शब्दाचा खरा अर्थ एवढाच आहे, आणि तो छोटा नाही.

कामाची रीत सांगते, कुणाला करायची असेल तर. मामांचा टू-इन-वन चालू होत होता, पण फिरत नव्हता. आतला रबरी बेल्ट ढिला पडला होता. रिसोडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून तो बदलून घेतला. टेपचं हेड कापसाच्या बोळ्यानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, तर बोळा तपकिरी झाला. कॅसेट लगेच वाजवायची नाही. आधी एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळायची, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत सैल होते. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर वाजवूच नका, जाणकाराला दाखवा. आतली छोटी नमद्याची गादी निघालेली असेल, तर स्क्रू काढून फीत दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवता येते.

टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला लावायची. पण सरळ नाही. बऱ्याच लॅपटॉपचा इयरफोनचा जॅक माईक म्हणून एकाच बाजूचा आवाज घेतो, स्टिरिओ मरतो. त्यासाठी लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साऊंड कार्ड लागतं. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी, मोफत. ध्वनी-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची आहे, तेच ठेवलं. काटा लाल रंगात जाऊ द्यायचा नाही, थोडी जागा राखायची.

आणि मग बसायचं. कारण इथं डाऊनलोडची निळी पट्टी नाही. ४५ मिनिटांची कॅसेट उतरवायला ४५ मिनिटंच लागतात. स्किप नाही, शफल नाही, ‘तुम्हाला हेही आवडेल’ नाही. पहिलं गाणं संपल्यावर दुसऱ्याची वाट बघायची, बाजू संपली की खट्टकन आवाज येतो, उठून उलटायची. कुठलं गाणं पहिलं, कुठलं बाजूच्या शेवटी, हे त्या पोरांनी बसून ठरवलेलं असतं. माझ्या आयुष्यातला हा पहिला अल्बम, जो मी ज्या क्रमानं लावला गेला त्याच क्रमानं, एका बैठकीत ऐकला.

फरक पडला का? पडला. बेस गिटार ड्रमपासून सुटी झाली. आधी नुसती धडधड होती, आता कळत होतं की खाली एक माणूस वेगळीच चाल वाजवतोय. झांज वाजून हळूहळू विझते, ते विझणं ऐकू आलं. ओळ सुरू करायच्या आधी गायकानं घेतलेला श्वास ऐकू आला. कॅसेटची सूं-सूं होतीच. पण पाऊस चालू असताना घरात बोलणं ऐकावं, तशी दोन मिनिटांत तिची सवय झाली.

खरी परीक्षा डोळे झाकून

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मनाचे खेळ. बरोबर आहे, शंका घ्यायलाच हवी. म्हणून मामेभावाला बसवलं. त्याच फ्लॅकवरून १२८ आणि ३२० अशा दोन एमपीथ्री बनवल्या आणि कुठली कुठली ते न सांगता आलटून पालटून लावायला सांगितल्या. मग आम्ही जागा बदलल्या. १२८ची फाईल आम्ही दोघांनीही बहुतेक वेळा ओळखली, झांजांवरून. ३२० आणि फ्लॅक यांच्यात मात्र नुसता छापा-काटा. वायरचे साधे इयरफोन होते, जागा शांत होती, तरीही.

हे मुद्दाम सांगते, कारण या नादात पैसे उडवणारे पुष्कळ आहेत. ऐकायला ३२० केबीपीएस तुम्हाला-मला पुरतं. दोन तासांची बॅटरी आणि मोठी किंमत असलेले ब्लूटूथ इयरबड घेऊन त्यावर लॉसलेस लावणं, हे तर आणखी गमतीचं. साधारण ब्लूटूथमध्ये फोन ते गाणं हवेतून पाठवायच्या आधी पुन्हा दाबतोच. तूर घरापर्यंत अख्खी आणायची आणि दारात डाळ करायची! फरक ऐकायचाच असेल तर वायर लावा, पंखा बंद करा. आणि रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर हेही लक्षात असू द्या, ४० मिनिटांचा एक अल्बम फ्लॅकमध्ये २५० ते ३०० एमबी खातो. असे पाच ऐकले, की दिवस संपला.

आणखी एक. ‘रिमास्टर’ असं लिहिलं म्हणजे ते चांगलंच असं नाही. १९९०नंतर अल्बम एकमेकांपेक्षा मोठ्यानं वाजवायची चढाओढ लागली. त्यात हळू आणि मोठा यातला फरकच सपाट केला जातो. असं सपाट केलेलं गाणं लॉसलेसमध्ये ऐकलं, तरी ते अचूक सपाटच ऐकू येणार.

मग लॉसलेसचा उपयोग काय? साठवायला. ऐकायला डाळ चालते, बियाण्याला तूरच लागते. उद्या नवं सॉफ्टवेअर येईल, नवा फॉरमॅट येईल, फाईल पुन्हा कुठं तरी बदलावी लागेल. एमपीथ्रीची एमपीथ्री करत गेलात, तर दर वेळी थोडं गळतं. फ्लॅकवरून मात्र हवी तेव्हा ताजी डाळ काढता येते.

बाजू ‘ब’च्या शेवटी

एका गोष्टीची मला कल्पना नव्हती. ‘ब’ बाजूवरचं शेवटचं गाणं संपलं, तरी मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही, कारण फीत शिल्लक होती. थोडा वेळ नुसती सूं-सूं. मग एकदम ‘खट्’. आणि कुणीतरी जोरात, ‘हॅलो, हॅलो, चेक!’

मामा. विशीतले.

विकतच्या कॅसेटचे मागचे दोन कान तोडलेले असतात, म्हणजे चुकून कुणी वरून रेकॉर्ड करू नये. त्या भोकांत कागदाचा बोळा कोंबला की करता येतं, हे त्या काळातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. मामांनीही ते केलं होतं आणि पार विसरून गेले होते. पुढे भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी लहान मूल, आणि मग आबांचा आवाज. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. मी त्यांना पाहिलेलं नाही.

‘काहून बोंबलून राह्यले होते रे ते मघाशी? काही दुखते काय त्याईले?’

मागून आजी हसते. एवढंच. मिनिटभर असेल-नसेल.

मामांनी ते तीनदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, ‘चेहरा आठवते. आवाज विसरलो होतो मी आबाचा.’

मी उत्साहानं ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन लावून बघितलं. सूं-सूं गेली, आबांचा आवाज स्वच्छ झाला. पण मागचं आजीचं हसू पाण्याखाली गेल्यासारखं झालं. बिचाऱ्या सॉफ्टवेअरला काय माहीत, ते हसू आहे की खरखर? दोन्ही बारीकच. म्हणून बदल केलेली प्रत वेगळी ठेवली आणि मूळ फाईल तशीच, सूं-सूंसकट. जुने आवाज जपणारी माणसं पहिला नियम हाच सांगतात : आधी जसं आहे तसं उतरवा, शहाणपण नंतर.

‘मधले ३८ एमबी गेले कुठं’ याचं उत्तर मला तिथं मिळालं. कुणी तरी ठरवतं, यातलं काय महत्त्वाचं नाही. बऱ्याचदा तो अंदाज बरोबरही असतो. पण एखाद्या घरासाठी नेमकं तेच महत्त्वाचं असतं, आणि ते फक्त त्या घरालाच माहीत असतं.

तुमच्या माळ्यावर काय आहे?

आपल्या आई-बाबांची पिढी ही कॅसेटची शेवटची पिढी. त्यांच्याकडं फक्त सिनेमाची गाणी नाहीत. लग्नातली मंगलाष्टकं असतील, गावातल्या भजनी मंडळाची काकड आरती असेल, परगावी गेलेल्या मुलाला पत्राऐवजी पाठवलेली टेप असेल. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणून त्या आज वाचायला आणि काही तर ऐकायलाही मिळतात. प्रत्येक गावात कुणी संशोधक येणार नाही. पण प्रत्येक घरात आपल्या वयाचं कुणी तरी आहे, ज्याच्याकडे लॅपटॉप आहे.

कायद्याचंही सांगून ठेवते, कारण पुढचा मोह अपलोडचा असतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. १९८८चा अल्बम म्हणजे २०४८ संपेपर्यंत. तेव्हा बँडचं संगीत अधिकृतपणे मिळेल तिथूनच घ्या आणि घरची प्रत घरात ठेवा. आबांचा आवाज मात्र आमचा, तो आम्ही फॅमिली ग्रुपवर टाकला. व्हॉट्सअ‍ॅपनं तो दाबला असणारच. हरकत नाही, तूर पेटीत आहे.

एक शेवटचं, कानांबद्दल. मामांना मी फितीची बारीक सूं-सूं ऐकू येते का विचारलं, तर ते म्हणाले, ‘कुठं काय?’ वयाबरोबर वरच्या पट्टीचे आवाज कानातून जातात, त्यात नवल नाही. आपलं मात्र वयाआधीच चाललंय. १२ ते ३५ वयाच्या एक अब्जाहून जास्त तरुणांना मोठ्या आवाजानं बहिरेपणाचा धोका आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, ही त्यांची मर्यादा. आवाज वाढला की तास झपाट्यानं कमी होतात. कान एकदा गेले की कुठलीही फ्लॅक ते परत आणत नाही.

तर येत्या सुट्टीत घरी गेलात की पेटी उघडा. एक कॅसेट निवडा, हेड पुसा, वायर लावा आणि शेवटपर्यंत बसा. गाणी संपली तरी रेकॉर्डिंग बंद करू नका. आणि काम झाल्यावर कॅसेट फेकू नका. फाईल कितीही चांगली झाली तरी मूळ फीत तीच. उद्या आपल्यापेक्षा चांगलं मशीन घेऊन कुणी आलं, तर त्याला पेरायला काही तरी उरलं पाहिजे.